नववी-दहावीच्या मुलांना भूशास्त्राच्या संशोधनाशी कसे जोडावे?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, खानापूर तालुका
गेल्या वर्षी आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये एका संस्थेतून भूशास्त्रज्ञ आले, तासभर इंग्रजीतून स्लाइड दाखवल्या, प्रमाणपत्रे वाटली आणि गेले. मुलांनी नंतर लिहून पाठवलेल्या प्रश्नांना अजून उत्तर आलेले नाही. त्यातला एक मलाही सुटला नाही. जांबोटीकडच्या एका मुलाने विचारले होते की, विहीर खणताना वर तांबडा जांभा, मग पांढुरकी शेडी आणि सगळ्यात खाली काळा कातळ असाच क्रम का लागतो? अशा मुलांचा संशोधकांशी वर्षभर टिकणारा संबंध कसा जोडता येईल?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, बेळगाव
बाई, त्या मुलाने एकाच खडकाच्या तीन अवस्था पाहिल्या आहेत. काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. पावसाचे पाणी त्यात मुरत राहिले, चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका वाहून गेली, आणि लोह व अॅल्युमिनियम मागे राहिले, त्यांचाच वर जांभा झाला. शेडी ही मधली, अर्धवट कुजलेली अवस्था. मुलांना विहिरीत मात्र उतरू देऊ नका. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत हेच थर कुठे दिसतात ते शोधून त्यांची जाडी टेपने मोजून घ्या, आणि नमुन्याच्या डबीवर ठिकाण, तारीख व खोली लिहा. नुसते ‘लाल दगड’ लिहिलेली डबी कोणत्याही प्रयोगशाळेच्या कामाची नाही.

उत्तर : हायस्कूल शिक्षक, गोकाक
आमची मुले गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजतात. टेपच्या टोकाला खडू फासून टेप विहिरीत सोडायचा, कठड्यावर आलेल्या आकड्यातून भिजलेल्या खुणेचा आकडा वजा करायचा आणि मग कठड्याची उंची वजा करायची. (पहिल्या वर्षी ही वजाबाकी आम्ही विसरलो आणि अख्खी वही बाद झाली.) केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, आम्हीही त्याच सुमारास मोजतो, म्हणजे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. मुलांना हुरूप यावा म्हणून मी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांची हकीकत सांगतो : त्यांना गोकाकजवळ गेंड्याचे जीवाश्म सापडले आणि त्यांचे वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या घटप्रभेकाठी गेंडा, हे ऐकून मागच्या बाकावरचेसुद्धा सरसावून बसतात.

उत्तर : संशोधक विद्यार्थी, मूळ निपाणी
व्याख्यानाला बोलावू नका, नोंदी पाठवा. मोजलेले आकडे समोर असले की आम्हालाही उत्तर देणे सोपे जाते. कराडला केंद्र सरकारची खोल विंधन प्रयोगशाळा आहे. १० डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतरही कोयना परिसरात धक्के बसत राहिले. त्यांचा उगम समजावा म्हणून तिथे तीन किलोमीटर खोल विंधन घेतले गेले. तिथे बेसाल्टचा तळ गाठायला सुमारे एक किलोमीटर खाली जावे लागते, तर गोकाककडे बेसाल्टचा थर इतका पातळ होतो की धबधब्याच्या कड्यात त्याच्याही आधीचा वालुकाश्म उघडा दिसतो. खानापूर, गोकाक आणि कराड ही तिन्ही ठिकाणे मुलांनी एकाच छेदात, म्हणजे जमीन उभी कापली तर थर कसे दिसतील त्या चित्रात, काढली, तर तो कागद मी स्वतः तपासून मराठीतून शेरे लिहून परत पाठवीन.

प्रश्नकर्ती : सर, शनिवारी टेप घेऊन जांबोटीच्या रस्त्यावर जातो आहोत. डब्यांवर लिहायचे काम त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडेच दिले आहे.