त्याला ‘जादूची चड्डी’ म्हणू नका

वरच्या चर्चेत मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे लोक आतून जे धार्मिक वस्त्र घालतात, त्याची ‘जादूची चड्डी’ म्हणून थट्टा चालली आहे, ती वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहिते. मी काही वर्षं या पंथाचं मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेक सिटीत राहिले. शेजारच्या आजी याच पंथाच्या. ते लोक त्या वस्त्राला नुसतं ‘गारमेंट’ म्हणतात. मंदिरात एंडाउमेंट हा विधी झाला की प्रौढ स्त्री-पुरुष ते रोजच्या कपड्यांच्या आत घालू लागतात, देवाला दिलेल्या वचनांची आठवण म्हणून. साधं, बहुधा पांढरं, दोन भागांचं, त्यावर बारीक पवित्र खुणा. जुनं झालं तरी तसंच कचऱ्यात टाकत नाहीत. आधी त्या खुणा कापून काढायच्या, मग उरतं ते निव्वळ कापड. आजींनी हातात कात्री असतानाच मला हे सांगितलं, आणि मला श्रावणीला आजोबांनी उतरवलेलं जुनं जानवं आठवलं. तेही कधी केरात गेलं नाही, नदीतच सोडलं जायचं. पारशांचा आतला पवित्र सदरा आणि कमरेला बांधायची ‘कुस्ती’ ही दोरी तरी वेगळं काय आहे?

२०१२ मध्ये याच पंथाचे मिट रॉम्नी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते तेव्हाही यावरून खूप टवाळी झाली. शेवटी २०१४ मध्ये मॉर्मन चर्चनेच व्हिडिओ काढून ही वस्त्रं दाखवली. कुतूहल असेल तर तो जरूर बघा. पण वर कुणीतरी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो टाकलाय, तो कृपा करून काढा.