मुलींची ज्युनियर टीम : तुमचे अनुभव लिहा

१० ऑगस्ट २०२५ ला भारताच्या अंडर-२० फुटबॉल टीमच्या मुलींनी यांगूनमध्ये जाऊन म्यानमारला १-० हरवलं आणि वीस वर्षांनी आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेत कुणाला पत्ता नाही! पुण्यात हे फुटबॉल बघणारे, खेळणारे, लेकीला मैदानावर नेणारे असतीलच. लिहा बरं.

लेक डिफेन्डर, कोथरूड
८ फेब्रुवारी २०२४, ढाका, अंडर-१९ सॅफची (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) फायनल, भारत विरुद्ध बांगलादेश. आठव्या मिनिटाला सिबानी देवीचा गोल, आम्ही निर्धास्त. इंज्युरी टाइममध्ये बांगलादेशच्या सागोरिकानं बरोबरी केली आणि मामला पेनल्टीवर गेला. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा जणींनी, गोलकीपरसकट, गोल मारले. ११-११! आता पुन्हा पहिलीपासून सुरू करायचं, तर चक्क नाणं उडवलं. आपण जिंकलो, पोरी नाचल्या. बांगलादेशच्या मुली मैदान सोडेनात. शेवटी दोन्ही टीमना संयुक्त विजेते केलं. लेक फणफणली, "बाबा, मग पेनल्टीची प्रॅक्टिस कशाला करायची?" मला विचाराल तर बांगलादेशच्या मुलींचा हट्ट रास्तच होता.

कॉलेजात खेळते, वानवडी
मैदानाचं नाव घेत नाही. गुडघे सोलतात, त्याचं काही नाही. कपडे बदलायला जागा नसते, त्याचा वैताग येतो. किट घरूनच घालायचं, वर ट्रॅकपँट चढवून पीएमपीच्या बसनं यायचं.

मावशी, बाणेर
२०२२ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल बघायला भाचीला नेरूळला नेलं होतं. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, तेही स्वयंगोलवर. भाचीची नजर मात्र कोलंबियाच्या लिंडा कायसेदोवर. "मावशी, बॉल यायच्या आधीच ती मान वळवून मागे बघते!" तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही तेच करते.

त्याच वर्ल्ड कपमध्ये आपण अमेरिकेकडून ८-० हरलो, तेव्हा ऑफिसात टोमण्यांना ऊत आला होता. तेव्हा यजमान म्हणून आयती जागा होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला अंडर-१७ च्या मुलींनी एका गोलनं मागे असताना उझबेकिस्तानला २-१ हरवून आशियाई स्पर्धा गाठली. टोमणेवाले गप्प! (त्यांना कळलंच नसणार म्हणा.)

लेक डिफेन्डर, कोथरूड
@वानवडी, आमच्या मुलींनी दोन जुन्या चादरी आणि दोरी किटबॅगेत ठेवली आहे, झाडाला बांधून आडोसा करतात. बाकी, रविवारच्या मॅचला गोलकीपर कमी आहे. कुणी येणार असेल तर ग्लोव्हज आमच्याकडे आहेत.