चर्चा: वयस्कांच्या नैराश्यात सीआरपी तपासावी का?

पंचगंगाकाठ:
कोल्हापुरात सीआरपी म्हटलं की निम्मी माणसं सीपीआर दवाखान्याचा रस्ता सांगतात. म्हणून आधीच स्पष्ट करतो, विषय रक्तातल्या सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनचा आहे. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की ते वाढतं.

साठीनंतरच्या नैराश्यात दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसात, पुरेसे आठवडे देऊनही फरक पडत नसेल, तर एकदा हाय-सेन्सिटिव्हिटी (थोडीशी वाढही पकडणारी) सीआरपी करावी असं माझं मत आहे. हे हवेतलं नाही. हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉनची दाह वाढवणारी इंजेक्शनं देत असत, तेव्हा साधारण चारातल्या एकाला उपचार चालू असतानाच नैराश्य यायचं. त्यामागचं कारणही बरंच उलगडलं आहे. शरीरात दाह वाढला की आयडीओ हे एन्झाइम जोर धरतं. सेरोटोनिनसाठी लागणारं ट्रिप्टोफॅन ते कायन्युरेनिनच्या वाटेला लावतं, आणि त्या वाटेवर क्विनोलिनिक अ‍ॅसिड तयार होतं, जे मेंदूतल्या पेशींना मारक आहे. वयाबरोबर हा दाह मंद आचेवर धुमसत राहतो. फ्रान्चेस्की यांनी 2000 साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटलं. 2015 मध्ये टोरांटोतल्या संशोधकांना पेट स्कॅनवर नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूत टीएसपीओ हे दाहाचं चिन्ह सुमारे 30 टक्के जास्त दिसलं. शिवाय 2013 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे दाहशामक औषध नैराश्यावर वापरून पाहिलं, त्या चाचणीत ज्यांची सीआरपी 5 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर होती, त्यांना गुण आला.

रोखठोक:
असहमत. ती इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी पुरी वाचा. रुग्ण 60, आणि सगळे मिळून पाहिले तर औषध आणि प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) यांच्यात फरक नाही. ज्यांची सीआरपी कमी होती त्यांना प्लासिबोच जास्त मानवला, हे कुणी सांगत नाही. टीएसपीओ फक्त मायक्रोग्लियात (मेंदूच्या संरक्षक पेशींत) असतं असंही नाही. ते अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं, त्यामुळे स्कॅन उजळला म्हणजे दाहच आहे असं होत नाही.

आणि खरोखर वयस्क माणसांवर केलेलं काम काय सांगतं? अ‍ॅस्प्री चाचणीत 19,114 जण होते, बहुतेक सत्तरीपुढचे. रोज 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेऊन नैराश्य टळलं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. व्हायटल चाचणीत रोज 2000 युनिट ड जीवनसत्त्व आणि 1 ग्रॅम ओमेगा-3 पाच वर्षं दिलं. मनःस्थितीवर फायदा शून्य.

‘मेंदूचा दाह’ हा शब्दच घातक आहे. घरच्यांना ऐकू येतं ‘मेंदूला सूज’. मग त्यांना मेंदूज्वर आठवतो, एमआरआय होतो, कुणीतरी स्टेरॉइड सुरू करतं. प्रेडनिसोलोनचा डोस दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर गेला की मानसिक त्रासाचं प्रमाण वाढत जातं. दाह विझवायला निघाले आणि नैराश्यच पदरात!

पंचगंगाकाठ:
दाहशामक गोळी द्या असं मी म्हटलंच नाही. आकडा जास्त आला तर त्याचं मूळ शोधा, एवढंच म्हणणं. आपल्याकडे मुळं कमी आहेत का? मिश्रीने पोखरलेल्या हिरड्या, चुलीच्या धुराने गेलेली छाती, पावसाळ्यातल्या चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने धरलेले सांधे. आणि धारोष्ण दूध. ते पिणं आपल्याकडे अभिमानाचं आहे, पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी आणि सोबत गडद उदासी. असा माणूस ‘वयामुळे खचलाय’ म्हणून घरात पडून राहतो. त्याची सीआरपी बघितली तर निदान कुणी पुढचा विचार करेल.

रोखठोक:
ताप-घाम असेल तर ब्रुसेला तपासाच, त्याला सीआरपीची वाट कशाला बघायची? उलट बाजूही बघा. आकडा 8 आला, मूळ सापडेना, मग लघवी तपासली आणि जंतू दिसले. म्हातारपणी, विशेषतः बायकांत, काही त्रास नसताना लघवीत जंतू असणं नेहमीचं आहे. त्यावर अँटिबायोटिक दिलं की जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि पेशंट भ्रमतो. नैराश्य आहे तिथेच.

गोळ्यांचा हिशोब:
भांडण चालू द्या, पण रिपोर्ट वाचायचा कसा ते तरी ठरवा. साधी सीआरपी बऱ्याच लॅबमध्ये ‘5 किंवा 6 च्या आत, नॉर्मल’ एवढंच सांगते. हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणीत 1 च्या आत कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त, हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. काही रिपोर्ट डेसिलिटरमध्ये येतात, म्हणजे थेट दहापट घोळ. 10 च्या वर आली तर सर्दी-ताप, पडझड, दाताचा गळू असं काही चालू आहे का ते बघायचं आणि 2-3 आठवड्यांनी पुन्हा करायची. एका आकड्यावर काहीही ठरवू नये. पोट सुटलेलं असलं तरी आकडा चढतो आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर उतरतो.

आता खरा धोका. बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरथायझाइड चालू आहे, त्यावर एसिटालोप्राम हे नैराश्याचं औषध सुरू झालं. पहिल्या 2 ते 4 आठवड्यांत रक्तातलं सोडियम 135 च्या खाली घसरू शकतं. माणूस सुस्त होतो, तोल जातो, बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात नैराश्य वाढलं, आणि डोस दुप्पट होतो! सडपातळ, वयस्क बायकांत हे जास्त. म्हणून औषधाआधी एकदा आणि सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी सोडियम बघायचंच. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक चालू असेल तर एसिटालोप्रामच्या गटातल्या औषधांसोबत पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडतं. घेतल्यावर आठवडाभर माणूस तरतरीत. महिनोन्‌महिने खाऊन अचानक सोडली की अशक्तपणा, मळमळ, बीपी खाली. तेही नैराश्यासारखंच दिसतं.

हळदपाणी:
मग हळदीचं काय? दुधातून रोज देतात की सगळे.

गोळ्यांचा हिशोब:
हळदीत कुरक्युमिन साधारण 3 टक्के. चमचाभर म्हणजे 3 ग्रॅम हळदीत जेमतेम 90 मिलिग्रॅम, तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. चाचण्यांत 500 ते 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल वापरतात. हळद-दूध खुशाल द्या, पण औषध म्हणून मोजू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर कॅप्सूल नकोच.

रोखठोक:
माझा क्रम लिहून ठेवतो. आधी 15 प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल (वयस्कांच्या नैराश्याची प्रश्नावली), मराठीत वाचून दाखवून. 5 च्या वर गुण आले तर नीट तपासणी. झोप-भूक-थकवा विचारणाऱ्या प्रश्नावल्या म्हातारपणी फसवतात, कारण ते त्रास तसेही असतात. या स्केलमध्ये ते प्रश्न जवळजवळ नाहीत. मग हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, साखर, बी-12. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 टाळूच नये. ऐकू येतं का तेही बघा. पुष्कळदा ‘कुणाशी बोलत नाहीत’ याचं कारण कानात असतं. कामं आखणं-उरकणं मंदावलं असेल, बीपी जुनं असेल, तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा संशय घ्यायचा. हे नैराश्य गोळ्यांना कमी दाद देतं, आणि तिथे बीपी आवरणं हाच मोठा उपचार. गोळी निम्म्या डोसाने सुरू करायची आणि फरक बघायला 8 ते 12 आठवडे द्यायचे. लोक पंधरा दिवसांत बदलतात आणि ‘दोन औषधं फेल’ म्हणतात. पंचगंगाकाठ यांची सुरुवातीची अटच तिथे कोसळते.

तालीम:
भावा, एवढ्या तपासण्यांत हातपाय हलवायचं कुणी लिहिलंच न्हाई. हात न टेकता खुर्चीवरनं उठणं-बसणं, 8-10 वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातनं तीनदा. सोबत रंकाळ्याला चालणं. सांधा सुजलेला असंल तर त्या दिवशी नको. नैराश्यावर ह्याचा पुरावा तुमच्या ओमेगा-3 पेक्षा लै भारी हाय.

पंचगंगाकाठ:
रोखठोक, तुमचा क्रम मान्य. 12 आठवडे नीट गोळी घेऊन, सोडियम-थायरॉइड ठीक असूनही माणूस तसाच असेल, तर त्या वळणावर सीआरपी. तेवढं तरी द्याल?

रोखठोक:
तिथे करा. पण 3 च्या वर आली म्हणून मानसोपचार सोडून संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवू नका, दोन्ही चालू ठेवा. आणि आजोबा ‘मी नसलेलो बरा’ म्हणायला लागले तर कुठल्याच रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, आणि उसावरच्या तणनाशकाचा कॅन घरातून हलवा.