मदत हवी आहे: आत्याचं गाणं रेकॉर्ड करायचंय, वेगळा प्रीअँप (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) घेऊ का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा, वखारभागातला. आत्या मिरजेला असते, सत्तरी ओलांडलीय. किराणा घराण्याची तालीम झालेली आहे आणि गळा अजून खणखणीत आहे, तोवर तिच्या काही चिजा घरच्यांसाठी नीट रेकॉर्ड करून ठेवाव्यात असं डोक्यात आहे. तंबोरा अर्थात मिरजेचाच, नुकतीच जवारी काढून (घोडीवर तारांचा झणकार जुळवून) आणलेला. छेडायला माझी चुलतबहीण बसते, आत्याच्या उजव्या अंगाला, जराशी मागे.

सामान असं आहे: दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी), ऑर्केस्ट्रातल्या मित्राने दिलेला एक डायनॅमिक माईक, आणि पेन्सिल कंडेन्सरची एक जोडी (दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारे). खोली म्हणजे जुन्या घराचं माजघर, खाली शहाबादी फरशी.

डायनॅमिक माईक आत्यापासून दोनेक फुटांवर ठेवला तर गेन (सिग्नल वाढवायचं बटण) शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि मागे सतत 'स्स्स' येतं. मग कंडेन्सर लावले, एक आत्यासमोर, एक तंबोऱ्यासमोर, आणि एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन केला. हेडफोनवर सुरेख! पण घरच्या ग्रुपवर टाकल्यावर आतेभावाने फोनच्या स्पीकरवर ऐकलं आणि विचारलं, "आई पिंपात बसून गातेय का?" मी ऐकलं तर खरंच तसं वाटतंय.

दुकानदार म्हणतो, इंटरफेसमधला प्रीअँप हलका आहे, वेगळा घ्या. पंधरा हजारांच्या घरात सांगतोय. घ्यावा का? आणि कंडेन्सरला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं बटण चालू राहिलं तर मित्राचा माईक जळेल का?

सूरमंडळ

घ्या हो, प्रीअँपने फरक पडतोच. आवाज उबदार होतो.

खुंटीपिळ्या

उबदार वगैरे राहू द्या. पंधरा हजार खिशातच ठेवा.

आधी ते 'स्स्स'. डायनॅमिक माईक एक पास्कल दाबाला, म्हणजे ९४ डेसिबलला, साधारण दीड-दोन मिलिव्होल्ट देतो. तुमच्यासारखा पेन्सिल कंडेन्सर दहा-वीस देतो. म्हणजे डायनॅमिकला जवळजवळ वीस डेसिबल गेन जास्त लागतो, आणि आत्या दोन फुटांवर मंद्रात आलाप करत असतील तर माईकपर्यंत पोचतं तेच मुळात चिमूटभर. आता महागड्या प्रीअँपचं गणित बघा. १५० ओहमच्या नुसत्या रोधाचा औष्णिक गोंगाटच उणे १३१ डीबीयूच्या (डीबीयू म्हणजे विद्युत सिग्नलची पातळी मोजायचं एकक) आसपास असतो, त्याखाली कुणालाच जाता येत नाही. हल्लीचे स्वस्त इंटरफेससुद्धा उणे १२८ च्या आसपास असतात. म्हणजे पंधरा हजारांत मिळणार दोन-तीन डेसिबल. तोच माईक दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आणलात तर बारा डेसिबल फुकट. पण आत्यांच्या तोंडासमोर एवढ्या जवळ माईक नकोच, कंडेन्सर आहेत ना तुमच्याकडे.

'पिंपा'चं कारण वेगळं. आत्यांचा आवाज दोन्ही माईकमध्ये जातोय, तंबोऱ्याच्या माईकमध्ये किंचित उशिरा. अंतराचा फरक ७० सेंटिमीटर धरला तर उशीर सुमारे दोन मिलिसेकंद. हेडफोनवर दोन कान वेगळे, म्हणून कळत नाही. फोनचा एकच स्पीकर दोन्हींची बेरीज करतो, आणि दोन मिलिसेकंदांच्या उशिराने २५०, ७५०, १२५० हर्ट्झला खड्डे पडतात. ऐन गळ्याच्या जागी.

उपाय फुकटातला: दोन्ही माईक एकाच ठिकाणी. एक्स-वाय मांडणी म्हणतात. माईकची टोकं एकावर एक, एकमेकांना न चिकटता, मध्ये ९० अंशांचा कोन. वेळेचा फरक जवळपास शून्य, त्यामुळे फोनवरही गाणं शाबूत. आत्यांपासून दोन-अडीच फुटांवर, तोंडाच्या रेषेपेक्षा थोडं वर लावा. तंबोरा कमी-जास्त वाटला तर फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात लावू नका, बहिणीला वीतभर पुढे-मागे सरकवा. (नुकती जवारी काढलेला तंबोरा चांगलाच झणझणतो, बहुधा मागेच सरकवावा लागेल.)

दोन्हींचा गेन सारखा हवा. बटणावरच्या खुणांवर विसंबू नका. दोन्ही माईक शेजारी-शेजारी धरून समोरून बोला आणि मीटर जुळवा.

४८ व्होल्टने धड केबलवरचा डायनॅमिक जळत नाही. जुना रिबन माईक असेल तर मात्र सांभाळून.

कृष्णाकाठचा

बाप रे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. व्हिडिओत ओआरटीएफ नावाचं काहीतरी पाहिलं, आणि मिड-साइड. ते जास्त चांगलं का? आणि लेव्हल किती ठेवू? आत्या तार षड्जाला गेली की लाल दिवा लागतो.

खुंटीपिळ्या

ओआरटीएफ फ्रेंच रेडिओवाल्यांची. माईक एकमेकांपासून १७ सेंटिमीटर दूर, मध्ये ११० अंशांचा कोन ठेवून बाहेर वळवलेले. हेडफोनवर एक्स-वायपेक्षा ऐसपैस वाटतं, पण अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत फरक येतो, म्हणून फोनवर थोडं बिघडतं. भजनी मंडळ घ्यायचं असेल तर जरूर करा. एका गळ्याला एक्स-वाय पुरे. मिड-साइडला फिगर-एट (पुढचा-मागचा आवाज घेणारा) माईक लागतो, तो तुमच्याकडे नाही. विषय संपला.

लेव्हल: २४ बिट निवडा, आत्यांना आधी सगळ्यात जोरकस तार सप्तकातली तान घ्यायला लावा आणि ती मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. एकदा ठेवला की चीज संपेपर्यंत हात लावायचा नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, फरशीवर जाड सतरंजी, आत्यांच्या मागच्या भिंतीला गोधडी. गोधडीने जो फरक पडेल तो त्या दुकानदाराला ऐकवा.

कृष्णाकाठचा

गोधड्या आत्याकडे ढिगाने आहेत. रविवारी मिरजेला जातोय, दोन्ही मांडण्या लावून इथेच नमुने टाकतो.

सूरमंडळ

फोनच्या स्पीकरवरचाही टाका. आणि चिजेआधी मिनिटभर नुसता तंबोरा घ्या, मलाही हवाय.