विडंबन की विटंबना? (निमित्त: ड्रॅक्युलातला बिचारा रेनफील्ड)

काल रात्री मेल ब्रूक्सचा १९९५ चा ड्रॅक्युलावरचा विनोदी पिक्चर परत पाहिला, तो लेस्ली नील्सनवाला. आईनं अर्धा बघितला आणि म्हणाली, "हे कसलं विडंबन, ही तर विटंबना!" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, हे दोन शब्द नक्की वेगळे कुठे होतात?

माझं उदाहरण रेनफील्ड. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत हा डॉ. सीवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळातला पेशंट, साखर टाकून माश्या जमवतो, माश्या कोळ्यांना, कोळी चिमण्यांना घालतो, मग मांजराचं पिल्लू मागतो, आणि शेवटी नायिका मीनाला वाचवायला ड्रॅक्युलाशी झोंबतो नि जिवानिशी जातो. भीतीही वाटते आणि पोटात तुटतंही. पिक्चरमधे हाच माणूस सीवर्डसमोर चहाला बसून चोरून किडे खातो आणि वर मी नाही त्यातला असा चेहरा करतो, आणि डॉक्टरांकडे इलाज काय, तर एनिमा!

– ताई, दोन्ही शब्द एकाच घरचे, संस्कृत विडम्ब्, म्हणजे नक्कल करणे. आपल्याकडे त्यांच्या वाटण्या झाल्या. विटंबना पुतळ्याची होते, प्रेताची होते, त्यात मानहानी आली. (हिंदीवाले विडंबना म्हणतात ते भलतंच, नशिबाची थट्टा वगैरे.) विडंबनात मूळ चाल ऐकू यावी लागते, अत्र्यांच्या झेंडूच्या फुलांत येते तशी. आणि इथे चाल पुस्तकाची नाहीच ना! पुस्तकात ड्रॅक्युलाच्या वाड्यावर, ट्रान्सिल्व्हेनियाला जातो तो हार्कर नावाचा तरुण वकील. रेनफील्डला तिकडे धाडलं १९३१ च्या बेला लुगोसीवाल्या पिक्चरनं, ब्रूक्सनं तेच उचललंय. ब्रूक्सच्या ड्रॅक्युलाची ती मालकाचं न ऐकणारी सावली १९९२ च्या कोपोलाच्या ड्रॅक्युला पिक्चरची.

– शेवट पण बघा, रेनफील्ड वेंधळेपणानं छताचं दार उघडतो आणि उन्हानं ड्रॅक्युला खलास. पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसा लंडनमधे हिंडतो हो, मरतो सुऱ्यांनी. उन्हानं मरायची पद्धत १९२२ च्या नोस्फेरातू या मूकपटाची. मी याला सरळ पॅरडी म्हणेन, विडंबन म्हटलं की मला कविताच आठवते.

– पॅरडी चालेल, पण मग क्रियापद काय लावणार, पॅरडी 'मारली'? विडंबन करता येतं, विटंबना होते किंवा केली जाते, तिथेच फरक कळतो.

– हं, आता आईचं कळलं. तिनं पुस्तक वाचलंय, जुना पिक्चर एकही नाही पाहिलेला. शनिवारी १९३१ चा लावते, मग परत विचारते.