फेंग शानशानवर लेख लिहितोय, एका परिच्छेदावर तीन लाल खुणा आल्यात

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी चिनी गोल्फपटू फेंग शानशानवर लेख करतोय. मधला परिच्छेद असा आहे:

"चीनच्या सरकारी क्रीडा यंत्रणेत घडलेल्या शानशानने 2012 मध्ये उणे 6 गुण मिळवत एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली. कारकिर्दीत एकूण 10 विजेतेपदं, रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्य, आणि 2017 मध्ये जगात पहिला क्रमांक, तोही 23 आठवडे."

(एलपीजीए म्हणजे महिला व्यावसायिक गोल्फपटूंची अमेरिकेतली स्पर्धामालिका, म्हणजे टूर; ही चॅम्पियनशिप मेजरपैकी, म्हणजे वर्षातल्या मोजक्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक.) संपादकांच्या तीन खुणा आहेत. उणे गुण मिळवून कुणी जिंकतं का? मेजर एकच, मग पहिला क्रमांक कसा? आणि 23 आठवड्यांनी तो गेला, तर तेव्हा ती कुणाकडून हरली? वाचक कुस्ती-क्रिकेटवाला आहे, त्याला कळेल असं लिहा म्हणतात. शिवाय खाशाबा जाधवांशी तुलना करता येईल का, असंही विचारलंय.

अजिंक्यतारा

पहिली खूण बरोबरच आहे. ते गुण नव्हेत, फटके आहेत. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. "उणे 6 गुण मिळवले" असं छापून आलं की वाचक तिथंच गोंधळतो.

आधी पार सांगा. प्रत्येक होलला, म्हणजे खळग्याला, किती फटक्यांत चेंडू आत जावा हे ठरलेलं असतं, तो पार. पार 4 म्हणजे दोन फटक्यांत ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) आणि पुढचे दोन पटरने, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायच्या काठीने. पार 3 ला पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठायचं, पार 5 ला तिसऱ्यात. पटरचे दोन सगळीकडे धरलेलेच असतात. ती 2012 ची चॅम्पियनशिप झाली त्या न्यूयॉर्क राज्यातल्या लोकस्ट हिल कोर्सवर 18 होलचा पार 72, म्हणजे चार दिवसांचा 288.

आता तिचं रोजच्या फटक्यांचं कार्डच छापा, दुसरं काही समजवायची गरज उरत नाही: 72, 73, 70, 67. पहिल्या दोन दिवसांचे झाले 145, पारपेक्षा एक जास्त. अर्धी स्पर्धा संपली तेव्हा ही बाई अधिक 1 वर होती! तिसऱ्या दिवशी दोन वाचवले तरी शेवटच्या दिवशी सकाळी ती आघाडीपासून तीन फटके मागे. मग 67. एकूण 282, म्हणजे उणे 6. मागे 284 वर चौघीजणी बरोबरीत, त्यात आघाडीवरची कोरियन खेळाडू जी उन-ही पण आली, कारण तिला त्या दिवशी 72 लागले. लेखाची सुरुवातच इथून करा की. आकडेच इतके बोलके आहेत की "जिद्द, चिकाटी" लिहावं लागणार नाही.

रिओचंही असंच आहे. तिथं पार 71, चार दिवसांचा 284. इनबी पार्क 268, लिडिया को 273, फेंग 274. रौप्य एका फटक्यावर होतं, आणि खाली 275 वाल्या तिघी पदकाविना घरी गेल्या.

मिरज_जंक्शन

दुसऱ्या-तिसऱ्या खुणेचं उत्तर एकच आहे, ते म्हणजे भागाकार.

महिलांच्या जागतिक क्रमवारीत मागच्या 104 आठवड्यांचे गुण धरतात (इथं मात्र खरोखर गुण असतात). शेवटच्या 13 आठवड्यांतले पूर्ण किमतीने. त्याआधीचे दर आठवड्याला थोडे थोडे झिजत जातात आणि दोन वर्षं झाली की शून्य. उरलेल्या बेरजेला खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागायचं. भाजक 35 च्या खाली जात नाही. समजा एकीने 20 स्पर्धांत 210 गुण केले. साधी सरासरी 10.5 येईल, पण भागणार 35 ने, म्हणून 6. थोड्या निवडक स्पर्धा खेळून वर जायची वाट अशी बंद केलेली आहे. (हे आकडे फक्त उदाहरणाचे, लेखात तिचे म्हणून घालू नका.)

म्हणजे मेजर एकच असली तरी अडत नाही. मेजरला गुण जास्त हे खरं, पण 2012 ची मेजर 2017 च्या हिशोबात शून्य होती. कामाला आलं ते सातत्य. 2016 च्या शेवटी मलेशिया आणि जपानच्या स्पर्धा जिंकल्या, मे 2017 मध्ये वोल्विक स्पर्धा, 5 नोव्हेंबरला जपानची टोटो क्लासिक परत, आणि पुढच्याच शनिवारी, 11 नोव्हेंबरला, हायनान बेटावरची ब्लू बे, मोरिया जुतानुगार्नवर एका फटक्याने. ताजे गुण पूर्ण किमतीचे, त्यामुळे 13 नोव्हेंबरच्या यादीत ती वर. तिच्या आधी पार्क सुंग-ह्यून पहिली होती, तीही एकच आठवडा.

एप्रिल 2018 मध्ये जागा इनबी पार्ककडे गेली. "कुणाकडून हरली" हा प्रश्नच इथं लागू पडत नाही. ही कुस्तीची गदा नाही, समोरच्याने पाठ टेकवल्याशिवाय जात नाही अशी. तुमचे जुने गुण झिजतात, दुसरीचे नवे चढतात. घरी बसूनही नंबर जातो.

अजून एक चूक: "एकूण 10 विजेतेपदं" नाही. 10 ही फक्त एलपीजीए टूरवरची. दुबई लेडीज मास्टर्स तिने चार वेळा जिंकली, ती युरोपच्या टूरवर. जपानच्या टूरवरचे विजय वेगळेच. आणि हे बाहेरचे गुणही क्रमवारीत धरतात.

वाईकर

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच चार शब्दांत आहे आणि ती संपादकांनी सोडली. सरकारी यंत्रणेत घडलेली? चिनी खेळाडू म्हटलं की आपल्याकडे हे वाक्य टाइप करायच्या आधीच उमटतं. जलतरण, टेबल टेनिस, भारोत्तोलनाला ते चालेल. हिला नाही.

साल लावून बघा. चीनमधला पहिला आधुनिक गोल्फ कोर्स 1984 चा, झोंगशानचा, आर्नोल्ड पामरने आखलेला. हिचा जन्म 1989, ग्वांगझू. वडील तिथल्या गोल्फ संघटनेत कामाला, त्यामुळे दहाव्या वर्षी हातात काठी आली. 2004 मध्ये सरकारने नव्या कोर्सवर बंदीच घातली. सतराव्या वर्षाच्या सुमारास ती अमेरिकेतल्या अकादमीत गेली, 2007 च्या अखेरीस पात्रता स्पर्धेतून कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना, मिळवलं आणि 2008 पासून एलपीजीएवर. गोल्फ ऑलिंपिकमध्ये परत घ्यायचा निर्णय झाला ऑक्टोबर 2009 मध्ये. सरकारी क्रीडा शाळा ऑलिंपिक पदकांकडे बघून चालतात, आणि तोवर या खेळात पदकच नव्हतं. ती आधी घडली, यंत्रणा मागून आली.

नावाचंही बघा. फेंग हे आडनाव, ते आधी येतं. पुढच्या उल्लेखांत नुसतं "फेंग" लिहा, "शानशान" म्हणजे घरचं हाक मारायचं नाव झालं. यिन रुओनिंगचंही तसंच. तीही लेखात हवी, कारण 2023 ची महिला पीजीए जिंकून मेजर मिळवणारी ती दुसरी चिनी. त्याच वर्षी पहिला क्रमांकही मिळवला.

कराडकर

खाशाबांशी तुलना एका मर्यादेपर्यंत चालेल. दोघांची कांस्यं, आणि दोघांच्या पाठीशी यंत्रणा नव्हती. 1952 च्या हेलसिंकीसाठी खाशाबांचे पैसे लोकांनी उभे केले, हे त्यांच्या गोळेश्वर गावच्या पोराला सुद्धा पाठ आहे. पण कुस्ती आपल्याकडे गावोगावी होती, माती फुकट होती. चीनमध्ये गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. गरिबीतून वर आली असला रंग फेंगला देऊ नका.

लोकांना जवळचा वाटेल असा माणूस हवा असेल तर झांग लियानवेई घ्या. हा आधी भालाफेकपटू. 2003 ची सिंगापूर मास्टर्स एर्नी एल्ससारख्या मेजर विजेत्याला शेवटच्या होलवर मागे टाकून जिंकला, युरोपियन टूरवर जिंकणारा पहिला चिनी. आपल्या भागातल्या मैदानी खेळवाल्यांना तो लगेच कळेल. चौकटीत टाका.

कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचे आभार. परिच्छेद असा केला:

"ग्वांगझूची फेंग शानशान 2012 मध्ये 282 फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा सहा कमी, एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली. चीनला मिळालेली ही पहिली मेजर. एलपीजीए टूरवर 10 विजेतेपदं, रिओत कांस्य, आणि 13 नोव्हेंबर 2017 पासून 23 आठवडे जगात पहिली. ऑगस्ट 2022 मध्ये तिने निवृत्ती घेतली."

वाईकर

"पहिली मेजर" च्या पुढे "पुरुष किंवा महिला" घाला, नाहीतर वाचक महिलांपुरतंच धरेल. आणि निवृत्तीवर थांबू नका. पॅरिस 2024 ला ती चिनी संघाची प्रशिक्षक होती, लिन शियूचं कांस्य तेव्हाचंच.