आपला आरएनए कोणता आणि विषाणूचा कोणता, हे पेशीला कसे कळते?

प्रश्नकर्ती: प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात, पण इंटरफेरॉन हे पेशींचे इशारा देणारे प्रथिन संसर्गानंतर काही तासांतच स्रवू लागते, असे वाचले. माझी अडचण अशी, की आरएनए पेशीचा असो वा विषाणूचा, त्याची अक्षरे तीच चार. मग त्या विषाणूशी पूर्वी कधीही गाठ न पडलेली पेशी त्याला परके कसे ठरवते?

प्रतिसाद १: अक्षरे तीच असली, तरी टोके वेगळी असतात. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीच्या टोकावर, तो केंद्रकातून बाहेर पडण्यापूर्वीच, एक रासायनिक टोपी चढवली जाते. इन्फ्लुएन्झा-ए विषाणूच्या जनुकसंचाच्या आठही तुकड्यांच्या टोकाशी मात्र तीन फॉस्फेट उघडेच राहतात आणि प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके परस्परपूरक असल्याने ती जुळून तेथे लहानसा दुपदरी भाग बनतो. या दोन खुणा एकत्र सापडल्या, की रिग-आय हे प्रथिन तेथे चिकटते. गंमत म्हणजे हा विषाणू स्वतःच्या संदेशवाहक आरएनएसाठी पेशीच्याच टोप्या कापून घेतो. जनुकसंचाचे टोक मात्र उघडेच राहते.

प्रतिसाद २: पुढची साखळी सांगतो. आरएनएला चिकटल्यावर रिग-आयचा आकार बदलतो आणि ते तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) बाह्य पटलावरील माव्हस या प्रथिनाला चेतवते. तेथून टीबीके-१ या विकरामार्फत आयआरएफ-३ या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो, ते केंद्रकात शिरते आणि इंटरफेरॉन-बीटाचे जनुक चालू होते. हे इंटरफेरॉन विषाणूला स्वतः मारत नाही, तर शेजारच्या पेशींमधील शेकडो जनुके जागी करून त्यांना आधीच सावध करते. आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी १९५७ साली लंडनमध्ये ते शोधले, तेही उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पटलावर वापरूनच.

प्रश्नकर्ती: टोपीचा मुद्दा आता स्पष्ट झाला. पण इतकी चोख व्यवस्था असताना फ्लू होतोच कसा?

प्रतिसाद १: कारण विषाणूकडेही उतारा आहे. त्याचे एनएस-१ हे प्रथिन दुपदरी आरएनएला बिलगून तो झाकते, शिवाय रिग-आयला सक्रिय करणाऱ्या ट्रिम-२५ या पेशीच्या प्रथिनालाही अडवते. त्यामुळे इंटरफेरॉन उशिरा आणि कमी तयार होते, आणि तेवढ्या अवधीत विषाणू पसरतो.

प्रतिसाद २: एक पुस्ती जोडतो. उपचार म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णांनाही ताप, थंडी आणि अंगदुखी होते. म्हणजे फ्लूमधील ही कणकण बरीचशी आपल्याच बचावाची असते.